खगोलभौतिकीत पीएचडीचा गाईड निवडायचाय, सायटेशनचे आकडे किती मानायचे?

चव्हाट_गल्ली
नमस्कार मंडळी. माझी भाची खानापूर तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, यंदा फिजिक्समध्ये एमएस्सी झाली. तिला खगोलभौतिकीत पीएचडी करायची आहे. दोन ठिकाणांहून होकार आलाय आणि दोन्हीकडं गाईड कोण ते आधीच कळवायचंय. संस्थांची नावं इथं लिहीत नाही, एक उत्तरेत आहे, एक बेंगळूरला.

उत्तरेतल्या सरांचे दोनशेच्या वर शोधनिबंध, सायटेशन चोवीस हजार, एच-इंडेक्स ५८. बेंगळूरच्या बाईंचे ३८ निबंध, सायटेशन अकराशेच्या आसपास, एच-इंडेक्स १६. घरात तिच्या मोठ्या काकांचं म्हणणं, ५८ आणि १६ मध्ये विचार तो काय करायचा. भाचीला मात्र बाईंशी फोनवर बोलून जास्त बरं वाटलं.

मी जन्मभर बँकेत काम केलं, आकडा दिसला की आधी तोच वाचतो. पण हा आकडा नक्की कशाचा, मोजतं कोण, आणि त्यावरून माणसाचं काम कळतं का? महिनाअखेर कळवायचंय. जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं.

निपाणीचा_पोरगा
आधी भाचीचं अभिनंदन! खानापूरची पोरगी आकाश धुंडाळायला निघाली, लई भारी. पेढे नकोत, कुंदा चालेल.

अनगोळ_अक्का
कुंदा पुरोहितांकडचाच आणा हो, बाकी मी येते संध्याकाळी सविस्तर लिहायला. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

मृग_नक्षत्र
दादा, मी याच क्षेत्रात पीएचडी केली आहे, त्यामुळं सुरुवातीपासून सांगतो.

एच-इंडेक्स ही कल्पना होर्खे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ साली मांडली. एखाद्याचे सगळे निबंध घ्यायचे, ज्याचा उल्लेख (यालाच सायटेशन म्हणतात) इतरांनी आपल्या निबंधांत सर्वांत जास्त केलाय तो वर, कमी तो खाली, अशी उतरती यादी करायची. वरून मोजत यायचं. सोळाव्या निबंधाला निदान सोळा उल्लेख आहेत, पण सतराव्याला सतरा नाहीत, तर एच-इंडेक्स १६. म्हणजे एकच निबंध गाजला तरी हा आकडा फुगत नाही, आणि शंभर निबंध कुणी वाचलेच नाहीत तरीही फुगत नाही. एवढा त्याचा गुण.

दोष असा की तो कधी कमी होत नाही. माणूस निवृत्त झाला तरी जुन्या निबंधांच्या जोरावर वाढतच राहतो. म्हणून पस्तीस वर्षं काम केलेल्याची आणि बारा-तेरा वर्षं काम केलेल्याची थेट तुलना करायची नाही. हिर्शनंच सुचवलं होतं की पहिला निबंध छापल्यापासून जितकी वर्षं झाली त्यानं भागा. तुमच्या दोघांसाठी ते करून बघा.

आणि आमच्या क्षेत्रात मोजणी बघायची जागा म्हणजे एडीएस, खगोलाच्या शोधनिबंधांची ऑनलाइन सूची. नासाच्या पैशातून हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्र चालवतं, सगळ्यांना फुकट आहे. गूगल स्कॉलरपेक्षा तिथला हिशेब चोख.

शहापूरकर
चोवीस हजार वेळा लोकांनी नाव घेतलं म्हणजे माणूस मोठाच असणार की ओ. उगीच कोण कुणाचं नाव घेतंय?

मृग_नक्षत्र
@शहापूरकर, सर मोठे असतीलच, त्याबद्दल शंका नाही. पण ते चोवीस हजार आले कुठून हे बघायला हवं.

१४ सप्टेंबर २०१५ ला गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा पकडल्या. तो निबंध फेब्रुवारी २०१६ मध्ये आला, त्यावर हजाराच्या आसपास लेखक आहेत आणि नावं आडनावाच्या वर्णक्रमानं लावलेली, म्हणून सगळं जग त्याला ‘अ‍ॅबट आणि इतर’ म्हणतं. त्या एका निबंधाला दहा हजारांच्या वर उल्लेख मिळालेत आणि ते प्रत्येक लेखकाच्या खात्यात पूर्णच्या पूर्ण जमा होतात. त्यात आयुष्याची तीस वर्षं घातलेले लोक आहेत आणि नुकतंच पीएचडीला लागलेली पोरंही आहेत. आकडा दोघांचा सारखाच वाढतो. प्लँक उपग्रहाचे निबंध तसेच.

एडीएसवर ‘नॉर्मलाइज्ड’ सायटेशन असा वेगळा रकाना असतो, त्यात प्रत्येक निबंधाचे उल्लेख लेखकांच्या संख्येनं भागलेले असतात. भाचीला सांगा, दोघांचा तो रकाना बघ.

हिंडलगेकर
मी वेगळं बोलणार आहे, राग नसावा. हल्ली आकड्यांना शिव्या घालायची पद्धतच पडलीय. आमच्या वेळी आकडे नव्हते तेव्हा काय होतं? कोण कुणाचा शिष्य, कोण कुठल्या गावचा, कुणाच्या चिठ्ठीवर आला, एवढंच. मी मेकॅनिकलला होतो. निवड समितीत माझ्या नावापुढं बेळगाव वाचून एकानं विचारलं होतं, तिकडं प्रयोगशाळा तरी आहे का? माझ्याकडं तेव्हा दाखवायला एक आकडा असता तर मी टेबलावर ठेवला असता. आडगावच्या पोराला, ज्याच्या मागं कुणी नाही, त्याला निदान मोजता येईल असं काहीतरी हवं. ५८ हा आकडा सरांना कुणी बक्षीस दिलेला नाही.

अनगोळ_अक्का
@हिंडलगेकर, तुमचा मुद्दा मला पटतो, वशिल्याला मोजमाप हाच उतारा असं आम्हालाही वाटलं होतं. पण पुढं काय झालं ते आम्ही कॉलेजात बसून पाहिलंय.

२०१० च्या यूजीसी नियमावलीत एपीआयचे, म्हणजे प्राध्यापकांच्या कामाला आकड्यात मोजणारे गुण आले. बढतीसाठी निबंधांची मोजदाद सुरू झाली. त्याआधी आमच्या स्टाफरूममध्ये कुणी निबंध लिहिला तर आम्ही तो वाचायचो, चहा पिता पिता वाद घालायचो. गुण आल्यावर ‘कशावर लिहिलंस’ हे विचारणं थांबलं आणि ‘किती झाले’ हे सुरू झालं. पैसे भरले की आठवड्यात छापून देणारी मासिकं निघाली. मलाही एकाकडून पत्र आलं होतं, विषय माझा भौतिकशास्त्र, मासिक शेती, वाणिज्य आणि योगाचं एकत्र! दिवसभर वर्ग घेऊन, प्रॅक्टिकल घेऊन, रात्री खरोखर काही करू बघणारे दोन-तीन जण होते, ते या शर्यतीत मागं पडले. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता खगोलाचंच उदाहरण देते. अमलकुमार रायचौधुरी. कोलकात्यात नोकरीला होते तिथं त्यांना सापेक्षतेवर काम करू नका, धातूंच्या गुणधर्मांवर करा असं सांगितलं जात होतं. तरी त्यांनी १९५५ साली फिजिकल रिव्ह्यूमध्ये आपलं समीकरण छापलं. दहा वर्षांनी पेनरोज आणि मग हॉकिंग यांनी विश्वातल्या एकलतेची (जिथं घनता अनंत होते अशा जागेची) प्रमेयं मांडली, ती त्याच समीकरणाच्या पायावर. पेनरोजना २०२० मध्ये नोबेल मिळालं तेव्हा समितीच्या टिपणात रायचौधुरींचा उल्लेख होता. १९५८ साली कुणी त्यांचा एच-इंडेक्स काढला असता तर त्यांना शिष्यवृत्तीसुद्धा नाकारली असती. पुढं ते प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवत राहिले आणि त्यांच्या वर्गातून किती पिढ्या घडल्या हे बंगालमध्ये कुणालाही विचारा.

हिंडलगेकर
अक्का, रायचौधुरी लाखात एक. बाकीच्या ९९,९९९ जणांना तुम्ही कसं निवडणार ते सांगा.

अनगोळ_अक्का
त्यांचे दोन निबंध वाचून. समितीत पाच माणसं असतात, प्रत्येकानं दोन वाचले तरी पुरे.

कणकुंबी
रायचौधुरींचं नाव निघालं म्हणून आपल्या राज्यातल्या माणसाचंही सांगतो. सी. व्ही. विश्वेश्वर, बेंगळूरचे. १९७० साली नेचरमध्ये त्यांचा छोटा निबंध आला. कागदावर कृष्णविवरावर लहर सोडली तर काय होईल याचं गणित. उत्तर आलं की कृष्णविवर ठराविक सुरात थरथरतं आणि तो सूर पटकन विरून जातो. तेव्हा कृष्णविवरं खरंच असतात का यावरच वाद होता. पंचेचाळीस वर्षांनी, मृगनी लिहिलंय त्या २०१५ च्या नोंदीच्या शेवटी अगदी तशीच विरत जाणारी थरथर सापडली. विश्वेश्वर तेव्हा हयात होते, २०१७ च्या जानेवारीत गेले.

मला जास्त भावतं ते पुढचं. त्यांनी बेंगळूरचं नेहरू तारांगण उभं केलं, पहिले संचालक तेच. आमच्या शाळेची सहल तिथं गेली होती. आमचे सर मराठी, माहिती सांगणारा मुलगा कन्नड, आणि आम्ही पोरं तोंड वर करून बसलेली. सप्तर्षी कुठल्या भाषेत ओळखला हे आज आठवत नाही. तारांगणातून विज्ञानाला आलेली पोरं कुठल्या रकान्यात मोजतात?

शहापूरकर
आपल्या राज्यातला म्हणालात, आता बघा धागा कुठं जातोय ते 😄

प्रशासक
सीमाप्रश्नावर वेगळे धागे आहेत, तिथं जरूर लिहा. इथं विषय भाचीच्या गाईडचा.

काळी_माती
एक प्रश्न. मध्यंतरी शहरात चौकाचौकात फ्लेक्स लागले होते, ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत निवड’. हे काय असतं? कुणी निवडतं का?

मृग_नक्षत्र
निवड अशी कुणी करत नाही, अर्जही नसतो. स्टॅनफर्डच्या योआनिडिस यांचा गट स्कोपस या शोधनिबंधांच्या सूचीतल्या माहितीवरून दरवर्षी यादी काढतो. त्यात एकूण उल्लेख, एच-इंडेक्स, सहलेखकांच्या संख्येनं दुरुस्त केलेला इंडेक्स, एकट्यानं किंवा पहिलं-शेवटचं नाव असलेल्या निबंधांचे उल्लेख, हे सगळं मिसळून एक गुण काढतात. स्वतःच स्वतःचे केलेले उल्लेख वगळूनही आकडे देतात, हे चांगलं आहे. पण दोन याद्या असतात, एक पूर्ण कारकिर्दीची आणि एक फक्त त्या वर्षाची. फ्लेक्सवर कुठली ते लिहिलेलं नसतं.

उद्यमबाग
मी लेथवर पोट भरणारा माणूस, तुमच्यातलं मला फार कळत नाही. पण नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला गेलो होतो. तीस अँटेना, एकेक ४५ मीटरची. एवढी मोठी तबकडी पण भरीव पत्रा नाही, स्टीलच्या दोरांवर ताणलेली बारीक तारेची जाळी. वारा आरपार जातो म्हणून सांगाडा हलका ठेवता आला, वजन वाचलं, पैसा वाचला. मी तिथं दुर्बिणीपेक्षा त्या दोरांच्या गाठी नि बेअरिंगच बघत बसलो. मार्गदर्शक पोरगा पुढं गेला, मी मागंच.

तर विचारायचं हे की, ज्यानं ती गाठ शोधली त्याला सायटेशन मिळतं का?

मृग_नक्षत्र
@उद्यमबाग, या धाग्यातला सगळ्यांत चांगला प्रश्न हा आहे.

थोडं मिळतं. गोविंद स्वरूप आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली करंट सायन्समध्ये जीएमआरटीचं वर्णन छापलं. दुर्बीण वापरणारे बरेच जण त्याचा उल्लेख करतात. पण त्यावर नाव असलेले थोडे. बाकीचे वेल्डर, फिटर, इलेक्ट्रॉनिक्सवाले, रात्रपाळीचे ऑपरेटर निबंधाच्या शेवटी आभारात येतात आणि आभार कुणी मोजत नाही.

गंमत अशी की आमच्या क्षेत्रात सर्वाधिक उल्लेख बऱ्याचदा साधनांनाच असतात. आकाशगंगेतल्या धुळीमुळं ताऱ्याचा प्रकाश किती मंदावतो याचा नकाशा श्लेगल, फिंकबायनर आणि डेव्हिस यांनी १९९८ साली दिला. दहा हजारांच्या वर उल्लेख, कारण ज्याला ज्याला तेजस्विता मोजायची त्याला धूळ वजा करावीच लागते. चंद्रशेखरांचंच बघा. श्वेत बटू ताऱ्याच्या वस्तुमानाला मर्यादा असते (आजच्या हिशेबानं सूर्याच्या १.४ पटींच्या आसपास) हे त्यांनी १९३१ च्या दोन पानी निबंधात मांडलं, १९८३ चं नोबेल त्या कामाशी जोडलेलं. पण त्यांचा सर्वाधिक उल्लेख झालेला निबंध तो नाही, १९४३ चा यादृच्छिक हालचालींच्या गणितावरचा आहे. तो रसायनवाले, जीवशास्त्रवाले सगळेच वापरतात. ‘चंद्रशेखर मर्यादा’ मात्र पाठ्यपुस्तकात गेली, तिथून पुढं कुणी मूळ निबंधाचा उल्लेख करण्याची तसदीही घेत नाही.

जांबोटी_फाटा
गणपत गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयात नारळीकरांची पुस्तकं वाचून मी विज्ञानाकडं वळलो. ते जन्मानं कोल्हापूरचे, म्हणजे आपल्या शेजारचे. १९६४ चा हॉइल-नारळीकर यांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत जगानं पुरता स्वीकारला नाही, त्याच सुमारास पार्श्वप्रारण (महास्फोटानंतर उरलेलं, सगळीकडून येणारं प्रारण) सापडलं आणि वारं महास्फोटाच्या बाजूनं फिरलं. पण १९८८ मध्ये त्यांनी पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभारली आणि तिथं विद्यापीठातल्या, कॉलेजातल्या साध्या शिक्षकांना येऊन राहून काम करायची सोय केली. आमच्या कॉलेजातले सर उन्हाळ्यात तिथं जायचे आणि परत आले की आठवडाभर आम्हाला फळा भरून सांगायचे. २० मे २०२५ ला नारळीकर गेले त्या दिवशी त्या सरांना फोन केला, दोघांनाही फार बोलता आलं नाही.

मराठीत लिहिलेल्या एका शब्दाचाही एच-इंडेक्समध्ये हिशेब नाही. मला हे अन्यायाचं वाटतं आणि ते मी स्पष्ट लिहितो.

कणकुंबी
भाषेचा फटका मोठ्यांनाही बसलाय. विश्व प्रसरण पावतंय हे बेल्जियमच्या लमेत्रनी १९२७ सालीच फ्रेंचमध्ये, ब्रुसेल्सच्या एका मासिकात छापलं होतं. फारसं कुणी वाचलं नाही. १९२९ ला हबलचा निबंध आला आणि नियम हबलचा झाला. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेनं मतदान घेऊन ‘हबल-लमेत्र नियम’ म्हणा असं ठरवलं.

चव्हाट_गल्ली
मंडळी, इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. सगळं भाचीला वाचून दाखवलं. ती म्हणते, मामा, आता करायचं काय ते विचारा.

मृग_नक्षत्र
बरोबर आहे तिचं. कामाचं सांगतो.

एक, एडीएसवर लेखकाच्या नावाआधी कॅरेट चिन्ह टाकायचं, ते गांधी टोपीसारखं दिसतं ते. मग ज्यांत तो पहिला लेखक आहे तेवढेच निबंध येतात. खगोलात छोट्या गटांच्या निबंधांत ज्यानं मुख्य काम केलं त्याचं नाव साधारण पहिलं असतं. पण थांबा, गाईडच्या बाबतीत हे उलटं वाचायचं. चांगल्या गाईडचं नाव वयाबरोबर दुसरं, तिसरं, शेवटचं होत जातं, कारण पहिलं नाव विद्यार्थ्याचं. तेव्हा गेल्या दहा वर्षांतले लहान लेखकसंख्येचे निबंध काढायचे आणि पहिलं नाव कुणाचं आहे ते बघायचं. विद्यार्थ्यांची नावं दिसतायत का?

दुसरं, शोधगंगा. भारतातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथं ठेवलेले असतात. गाईडच्या नावानं शोधलं की त्याच्याकडं कोण कोण पीएचडी झालं ते सापडतं, नोंदणी कधी आणि पदवी कधी तेही बऱ्याच वेळा लिहिलेलं असतं. आठ-आठ वर्षं लागत असतील तर विचारायचं का लागली.

आणि मग त्यातल्या दोघा-तिघांना सरळ ईमेल करायचा. गाईड मसुदा किती दिवसांत तपासून देतात, परिषदेला पाठवतात का, चूक झाली की काय करतात. पोरं मोकळेपणानं सांगतात.

अनगोळ_अक्का
आणि सोडून गेलेल्यांनाही विचारा. ते जास्त खरं सांगतात.

चव्हाट_गल्ली
भाचीनं स्वतः टाईप करून दिलंय, जसंच्या तसं चिकटवतोय:

“सगळ्यांना नमस्कार. वर्षांनी भागलं तर सरांचं ५८ भागिले ३५, म्हणजे १.६६ आणि बाईंचं १६ भागिले १३, म्हणजे १.२३. नंतर दहा किंवा कमी लेखकांचे निबंधच ठेवले, तर सरांचा एच-इंडेक्स २४ आला, बाईंचा १५. सरांचे मोठे निबंध सगळे एकाच आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे आहेत. त्यांचे स्वतःचे जुने निबंध खूप छान आहेत, एक वाचला, पूर्ण कळला नाही पण मांडणी आवडली. गेल्या दहा वर्षांत मात्र छोट्या निबंधांत विद्यार्थी पहिला लेखक असलेला एकच सापडला. बाईंच्या ३८ पैकी अकरांत विद्यार्थी पहिला आहे. त्यांच्या दोन विद्यार्थिनींना ईमेल केला. एकीनं उत्तर दिलं की बाई मसुदा लाल करून परत देतात, पण आठवड्याच्या आत देतात. सरांच्या विद्यार्थ्यानंही प्रामाणिकपणे लिहिलं, सर प्रवासात असतात, पण प्रकल्पातले बाकीचे लोक फार मदत करतात आणि पुढं परदेशात संधी सहज मिळते.”

हिंडलगेकर
शाब्बास पोरी. ही आकड्यांचीच मदत झाली की नाही, सांगा आता! फक्त नीट चाळून घेतले. आणि शेवटचं वाक्य हलकं घेऊ नकोस. मोठ्या प्रकल्पातल्या माणसाच्या शिफारसपत्राला वजन असतं, खेड्यातून आलेल्याला ते वजन लागतं.

मृग_नक्षत्र
@हिंडलगेकर, दोन्ही मुद्दे मान्य. फक्त हजार जणांच्या प्रकल्पात विद्यार्थ्यानं कुठला तुकडा केला हे शिफारसपत्रात नेमकं लिहिता यायला हवं. सर तेवढा वेळ देणार असतील तर तीही वाट उत्तम. तिनं सरांना एकदा विचारावं, माझा पहिला निबंध कशावर असेल? उत्तरावरून कळेल.

काळी_माती
पुढं काय झालं दादा? महिना संपला.

चव्हाट_गल्ली
सरांना विचारलं. त्यांनी फार आपुलकीनं उत्तर दिलं, पण पहिली दोन वर्षं प्रकल्पाच्या माहितीची छाननी, निबंधाचं मग बघू, असं. बाईंनी तीन विषय लिहून पाठवले, ताऱ्यांभोवतीच्या धुळीचे, प्रत्येकाखाली वाचायचे निबंध. भाचीनं बाईंना होकार कळवला. तिच्या मोठ्या काकांना मी हा धागा वाचायला दिला, ते म्हणाले १५ पण वाईट नाही.

आता जुलैअखेर रुजू व्हायचंय. खानापूरहून सामान घेऊन जायला कुठली गाडी बरी?

निपाणीचा_पोरगा
बेळगावहून रात्रीची बेंगळूर सुपरफास्ट. सकाळी पोचते. राणी चन्नम्मा पण आहे, पण तिला गर्दी लई.

उद्यमबाग
खानापूरहून बेळगावला सामान आणायला माझा टेम्पो घ्या, डिझेलचे पैसे पण नकोत. आणि पोरीला सांगा, तिथं दुर्बिणीचं वर्कशॉप असेल तर एकदा आत जाऊन यावं.

मृग_नक्षत्र
तोवर पायथन या संगणकीय भाषेतलं खगोलासाठीचं अ‍ॅस्ट्रोपाय शिकायला घे म्हणावं, फुकट आहे. अडलं तर इथंच नवा धागा काढ.